भावाला 'रासुका' लागला तेव्हा

सत्र न्यायालयानं माझ्या धाकट्या भावाला जामीन दिला आणि आमची धावपळ सुरू झाली. हमीदार उभा केला, सातबारा आणि ऐपतीचा दाखला जोडला, सुटकेचा हुकूम दिवस मावळायच्या आत तुरुंगात पोचवला. तो दरवाज्यातून बाहेर आला, आमच्याकडे बघून त्यानं हात वर केला आणि तेवढ्यात साध्या कपड्यातल्या दोघांनी त्याला बाजूला घेतलं. ते स्थानिक गुन्हे शाखेचे होते. त्यांच्याजवळ जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या सहीचा आदेश होता. राष्ट्रीय सुरक्षा कायदा १९८०, म्हणजेच 'रासुका', कलम ३ (२) अन्वये स्थानबद्ध. आदेश त्यांनी आम्हाला दाखवला, प्रत दिली नाही. नातेवाइकांना कळवल्याच्या कागदावर माझी सही घेतली आणि गाडी निघाली. त्याच रात्री त्याला जिल्ह्याबाहेरच्या एका मध्यवर्ती कारागृहात नेलं.

आमचं गाव कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला आहे. उन्हाळी आवर्तन सुटलं की वरची गावं भरून घेतात आणि आमच्या चारीला पाणी लागायच्या वेळी गेट खाली येतं. भाऊ पाणीवापर संस्थेचा सचिव. त्या वर्षी मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळत होत्या, म्हणून टेलच्या गावांनी मिळून रास्ता रोको केला. सकाळी भावानं भाषण केलं. भाषण कडक होतं. 'पाणी सुटल्याशिवाय रस्ता सुटणार नाही' असं तो म्हणाला, आणि ते आम्ही कधी नाकारलं नाही. दुपारी दगडफेक झाली, एसटीच्या काचा फुटल्या, पोलिसांची जीप जळाली, दोन हवालदारांना लागलं. हे फार वाईट झालं. ज्यांनी केलं त्यांना शिक्षा व्हावी असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं. पण जीप पेटली तेव्हा भाऊ तिथे नव्हता. आमची म्हैस अडली होती. पशुवैद्यकीय डॉक्टर गोठ्यावर आले होते, भाऊ त्यांच्या हाताखाली होता. डॉक्टरांनी केसपेपरवर तारीख, वेळ, दिलेली इंजेक्शनं लिहून खाली सही केली होती. तो केसपेपर आम्ही तपास अधिकाऱ्यांना दिला आणि पोच घेतली. सत्र न्यायालयात तो जामिनाच्या अर्जालाही जोडला होता.

तालुक्याचे आमचे वकील फौजदारीत मुरलेले. त्यांना फोनवर आदेशाचं कलम वाचून दाखवलं तेव्हा ते थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "हे माझ्या कोर्टात येत नाही, बाई. ह्यात आरोपपत्र नाही, जामीन नाही, साक्षीपुरावा नाही. तुम्ही उच्च न्यायालयाच्या खंडपीठात ह्याच याचिका चालवणाऱ्या कुणाकडे जा. आणि जाण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर काढून समोर ठेवा."

गावात प्रतिबंधात्मक कारवाई नवीन नाही. गणपती आले, निवडणूक आली की जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १०७ आणि १५१ खाली, २०२४ पासून नव्या संहितेच्या १२६ आणि १७० खाली, दहा-वीस जणांना तहसीलला बोलावून चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून घेतात. तडीपारी माहीत आहे. हातभट्टीवाले, वाळूवाले, हप्ता गोळा करणारे यांना लागणारा राज्याचा १९८१ चा स्थानबद्धतेचा कायदा, एमपीडीए, तोही पेपरात रोज वाचतो. पण राष्ट्रीय सुरक्षा म्हटलं की डोळ्यांपुढे सीमा येते, हेर येतो, बॉम्ब येतो. कालव्याच्या गेटासाठी रस्त्यावर बसलेला माणूस येत नाही. कायदा उघडून पाहिला तेव्हा समजलं, कलम ३ (२) मध्ये राज्याची सुरक्षा आहे, पण तिच्याच शेजारी सार्वजनिक सुव्यवस्था आणि अत्यावश्यक पुरवठा व सेवा हेही आहेत. तिन्हींसाठी आदेश एकच, मुदत एकच, आणि कपाळावर बसणारा शिक्काही एकच.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवते. १९१९ चा रौलेट कायदा मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवला आहे. 'ना वकील, ना दलील, ना अपील' ही तेव्हाची घोषणा फळ्यावर लिहून दिली आहे. त्याच्याही आधीचं माझ्या वाचनात होतं. रँडच्या खुनानंतर १८९७ मध्ये पुण्याच्या नातू बंधूंना सरकारनं उचललं, ते मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली, खटला न चालवता. हे सारं परकीय सरकारचं म्हणून शिकवत आले. आपल्या राज्यघटनेच्या मूलभूत हक्कांच्या भागातच, अनुच्छेद २२ मध्ये, प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला जागा आहे, हे मला वरवर माहीत होतं. ते कलम मी पहिल्यांदा ओळीनं वाचलं ते एसटीत बसून, खंडपीठाच्या गावी जाताना. अटक झालेल्याला चोवीस तासांत न्यायाधीशासमोर उभं करा, त्याला त्याच्या पसंतीच्या वकिलाला भेटू द्या, हे सांगणारी पहिली दोन पोटकलमं, आणि लगेच तिसरं: स्थानबद्धाला हे लागू नाही.

सरदार पटेलांनी फेब्रुवारी १९५० मध्ये पहिला प्रतिबंधात्मक स्थानबद्धता कायदा संसदेत मांडला. हे विधेयक आणण्यापूर्वी कित्येक रात्री झोप लागली नाही, असं त्यांनी सभागृहात सांगितलं होतं. तो कायदा एका वर्षासाठी होता. मुदत वाढत वाढत १९६९ संपेपर्यंत राहिला. १९७१ ला अंतर्गत सुरक्षेचा कायदा, 'मिसा' आला. आणीबाणीत त्याचं काय झालं ते महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांना आठवतं. येरवड्याला, नाशिक रोडला कोण कोण होतं याच्या आठवणी आमच्या शाळेतल्या जुन्या शिक्षकांकडूनच मी ऐकल्या. जनता सरकारनं मिसा काढून टाकला. १९८० ला रासुका आला, तो अजून आहे. देशावर खरोखर संकट आणणाऱ्या माणसाला, पुरावा न्यायालयात मांडण्याजोगा व्हायच्या आधी अडवावं लागतं, हे मला मान्य आहे. अशी वेळ येते. पण पटेलांची झोप उडवणारी गोष्ट पुढे एका जिल्ह्याच्या कार्यालयात, एका प्रस्तावावर, रास्ता रोकोसाठी वापरली जाते, तेव्हा ती वापरणाऱ्याचीही झोप उडायला हवी.

खंडपीठातल्या वकील मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "त्यानं केलं की नाही, हा प्रश्न ह्या वाटेवर कुणीही विचारणार नाही. तुम्ही तो मनातून बाजूला ठेवा. आपण तारखा आणि कागद बघायचे." मला ते ऐकून संताप आला. माझ्या पर्समध्ये केसपेपर होता. मी तो त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो नीट वाचला, दोन्ही बाजू पाहिल्या आणि म्हणाल्या, "हा खटल्यात लाख मोलाचा आहे."

मग त्यांनी तारखा समजावून दिल्या. जिल्हादंडाधिकाऱ्यांना हा अधिकार राज्य सरकार देतं, एका वेळी जास्तीत जास्त तीन महिन्यांसाठी. त्यांनी आदेश काढला की लगेच राज्य सरकारला कळवायचं. बारा दिवसांत सरकारची मंजुरी आली नाही तर आदेश आपोआप संपतो. मंजुरीनंतर सात दिवसांत केंद्राला अहवाल. स्थानबद्धतेची कारणं माणसाच्या हातात सर्वसाधारणपणे पाच दिवसांत पडली पाहिजेत. तीन आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळापुढे ठेवायचं, आणि स्थानबद्ध केल्यापासून सात आठवड्यांच्या आत मंडळानं अहवाल द्यायचा. मंडळ म्हणालं पुरेसं कारण नाही, तर सोडावंच लागतं. पुरेसं कारण आहे म्हणालं, तर सरकार आदेश कायम करतं आणि माणूस बारा महिन्यांपर्यंत आत राहू शकतो. ह्या सगळ्या काळात तो शिक्षा झालेला कैदी नसतो, खटला चालू असलेला कच्चा कैदीही नसतो. पुढे तो काहीतरी करील अशी एका अधिकाऱ्याची खात्री झाली, एवढंच त्याच्याविरुद्ध असतं.

'माझी खात्री झाली आहे' हे शब्द त्या आदेशात आहेत. न्यायालयात त्यालाच व्यक्तिनिष्ठ समाधान म्हणतात. ह्या समाधानावर सगळी इमारत उभी असते. ते समाधान बरोबर की चूक, हे न्यायालय तपासत नाही. ते प्रामाणिकपणे झालं का, समोर ठेवायला हवे होते ते कागद ठेवले होते का, पोरकट किंवा असंबद्ध कारणावर तर बेतलेलं नाही ना, एवढंच बघतं.

भावाला कारणं मुदतीत मिळाली. बरोबर कागदांचा जाडजूड संच होता: फिर्याद, पंचनामे, हवालदारांचे दवाखान्याचे दाखले, जुन्या एका मोर्चाच्या गुन्ह्याचे कागद आणि दोन गोपनीय जबाब. साक्षीदार 'अ' आणि साक्षीदार 'ब'. नाव नाही, गाव नाही, तारीख अर्धवट. 'अ' म्हणतो की सचिवाच्या दहशतीमुळे लोक संध्याकाळी घराबाहेर पडत नाहीत. आमच्या गावात संध्याकाळी पारावर बसायला जागा मिळत नाही. पण हे सांगायचं कुणाला? नाव माहीत असतं तर निदान त्या माणसाला विचारलं असतं की बाबा, हे तू म्हणालास का. साक्षीदाराच्या जिवाला धोका असतो म्हणून नाव झाकतात, हे कारण खऱ्या गुंडाच्या बाबतीत मला पटतं. पण झाकलेल्या माणसाला उत्तर देण्याचा मार्गच कुणाला नसतो, मग तो गुंड असो की संस्थेचा सचिव.

संचातली बरीच पानं झेरॉक्सची झेरॉक्स होती, काळी पडलेली. काही कागद इंग्रजीत होते, भाऊ मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेला. मॅडमनी लगेच मागणीपत्र लिहायला सांगितलं: ही ही पानं वाचता येत नाहीत, ह्या ह्या पानांचं मराठी द्या. त्यांनी नागपूरच्या एका जुन्या प्रकरणातल्या निकालाचा आधार दिला. विदर्भ आंदोलनातल्या हरिकिसन नावाच्या कार्यकर्त्याला १९६१ मध्ये इंग्रजीत कारणं दिली होती. त्यांनी हिंदीत मागितली. पोलिस अधिकाऱ्यानं तोंडी समजावून सांगितलं आहे, असं उत्तर मिळालं. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांची स्थानबद्धता बेकायदा ठरवली, कारण जे वाचता येत नाही त्याला उत्तर देण्याची संधी मिळाली असं म्हणता येत नाही. आमच्या मागणीनंतर काही पानं स्वच्छ आली. काहींची उत्तरंच आली नाहीत. प्रत्येक मागणीची आणि प्रत्येक उत्तराची पोच आम्ही फाइलला लावत गेलो.

अभिवेदन लिहायला आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला. घटनेनं स्थानबद्धाला दिलेला हा एकच खरा हक्क: आपलं म्हणणं लवकरात लवकर मांडण्याचा, आणि ते कुणीतरी लवकरात लवकर विचारात घेण्याचा. ते जिल्हादंडाधिकाऱ्यांना द्यायचं, राज्याच्या गृह विभागाला द्यायचं, दिल्लीला केंद्रीय गृह मंत्रालयाला द्यायचं आणि सल्लागार मंडळालाही. चार संच. मॅडमनी कायद्याचे मुद्दे घातले, पण मी आग्रह धरला की केसपेपरचा परिच्छेद सगळ्यात वर असावा. त्या नको म्हणाल्या नाहीत. रात्री जेवणं झाल्यावर आई शेजारी बसून एकेक पान सरळ करून देत होती आणि मी क्रमांक टाकत होते. सही भावाचीच हवी, म्हणून संच कारागृहात नेले, तुरुंगाधिकाऱ्यांमार्फत पाठवले. जावक क्रमांक मिळाल्याशिवाय तिथून हलायचं नाही असं मॅडमनी बजावलं होतं. पुढे ह्याच क्रमांकांनी त्याला बाहेर काढलं, पण ते तेव्हा आम्हाला कुठे ठाऊक होतं.

मुलाखतीला गेलं की भाऊ आधी आईचं विचारायचा, मग पाण्याचं. आत बसून त्यानं एका वहीत चारीचा हिशेब मांडला होता: कोणत्या आवर्तनात किती दिवस गेट उघडं होतं, कुणाच्या शेताला किती तास पाणी लागलं. त्याला ती वही बाहेर पाठवायची होती, कारण कार्यकारी अभियंत्यांकडे बैठक होणार होती. वही बाहेर जाऊ द्यावी की नाही यावर आतले अधिकारी अडले. तेव्हा मॅडमनी मला प्रभाकर पांडुरंग संझगिरींची गोष्ट सांगितली. १९६० च्या दशकात भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या कारागृहात स्थानबद्ध असताना त्यांनी अणूविषयी मराठीत पुस्तक लिहिलं. हस्तलिखित छापायला बाहेर पाठवू द्यायला सरकारनं नकार दिला. उच्च न्यायालय आणि मग सर्वोच्च न्यायालय, दोघांनीही सरकारच्या विरोधात निकाल दिला: नियमात मनाई नसेल तर स्थानबद्ध माणसाला पुस्तक लिहिण्यापासून, ते छापायला देण्यापासून अडवता येणार नाही. आमच्या पत्रात तो दाखला घातला. वही तपासून बाहेर आली. बैठकीत तीच वही वाचली गेली.

सल्लागार मंडळाची सुनावणी मुंबईत होती. कायदा म्हणतो, मंडळापुढे स्थानबद्धाला वकील लावण्याचा हक्क नाही. १९८१ च्या डिसेंबरात ए. के. रॉय यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं रासुका वैध ठरवला. रॉय हे धनबादचे खासदार, स्वतःच रासुकाखाली आत गेलेले. वकिलाचा हक्क न्यायालयानं त्यांनाही दिला नाही. सरकार कायद्याच्या जाणकाराची मदत घेत असेल तर स्थानबद्धालाही ती मिळाली पाहिजे, इतकं मात्र म्हटलं. आणि एक स्नेही बरोबर आणायची मुभा दिली, वकील नसलेला. मी आधीच लेखी परवानगी मागून भावाची स्नेही म्हणून गेले. डॉक्टरही यायला तयार होते, त्यांचा अर्ज आम्ही दिला होता. ते खात्याची रजा टाकून, स्वतःच्या खर्चानं आले.

भावाला पोलिसांच्या बंदोबस्तात आणलं. लांबच्या प्रवासानं तो थकला होता, शर्ट चुरगळला होता, आणि तशाच अवस्थेत त्यानं आपल्या आयुष्यातल्या वर्षभराविषयी बोलायचं होतं. समोर तीन जण. अध्यक्ष उच्च न्यायालयाचे न्यायाधीश असावे लागतात, निवृत्त चालतात. बाकीच्या दोघांना तेवढी पात्रता असली म्हणजे पुरे. ते सौजन्यानं वागले. भावाला बसायला सांगितलं.

"भाषण तुम्ही केलं?"

"हो, साहेब."

"रस्ता सुटणार नाही, असं म्हणालात?"

"म्हणालो. पाणी येत नव्हतं, साहेब."

"जमाव पेटला तर जबाबदार कोण?"

तो गप्प राहिला. मी उठून केसपेपर पुढे केला. तिघांनी तो एकेक करून पाहिला. एका सदस्यांनी विचारलं, "हा तपास अधिकाऱ्यांना दिला होता का?" मी पोच दाखवली. त्यांनी काही टिपून घेतलं. डॉक्टरांना आत बोलावलं, त्यांचं नाव, हुद्दा, भेटीची वेळ एवढं विचारलं. मग आम्हाला बाहेर जायला सांगितलं आणि आमच्या जिल्ह्याचे पोलिस अधिकारी फाइल घेऊन आत गेले. ते काय बोलले, ते आम्हाला कधीच कळणार नाही. मंडळाचं कामकाज आणि अहवाल गोपनीय असतो, फक्त निष्कर्षाचा भाग सोडून. त्या तिघांनी आम्हाला माणसासारखं वागवलं, याबद्दल माझी तक्रार नाही. पण वर्षभराच्या कैदेचा निर्णय घेणाऱ्या खोलीत एक बाजू बोलते तेव्हा दुसरी बाहेर उभी असते, ही रीत मला अन्यायाची वाटते. ती बदलली पाहिजे.

परतीच्या गाडीत डॉक्टर म्हणाले, "ताई, मला त्यांनी खोटं पाडायचा प्रयत्नसुद्धा केला नाही." ते एवढंच बोलले आणि मला ते सगळ्यात जास्त लागलं. खरं सांगणाऱ्याला निदान खोटं पाडून बघायला हवं होतं.

काही आठवड्यांनी सरकारचा आदेश आला. मंडळाच्या मते पुरेसं कारण आहे, सबब स्थानबद्धता बारा महिन्यांसाठी कायम. केसपेपरविषयी अर्थातच एक शब्द नव्हता. राज्य सरकारनं आणि केंद्रानंही अभिवेदन फेटाळल्याचं कळवलं होतं.

मग फौजदारी रिट याचिका, बंदी प्रत्यक्षीकरणाची, म्हणजे माणसाला बेकायदा कोंडलं आहे, त्याला सोडा, असं मागणारी. मॅडमनी तीन मुद्दे घेतले. पहिला, हा विषय कायदा व सुव्यवस्थेचा आहे, सार्वजनिक सुव्यवस्थेचा नाही. ह्याला आधार राम मनोहर लोहियांच्या १९६५ च्या निकालाचा. लोहियांना त्याच वर्षी पाटण्यात आंदोलनावरून भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध केलं होतं. न्यायमूर्ती हिदायतुल्लांनी त्या निकालात एकात एक तीन वर्तुळं कल्पिली: सगळ्यात मोठं कायदा व सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं, आणि सगळ्यात आत राज्याच्या सुरक्षेचं. मोठ्या वर्तुळात बसणारी प्रत्येक गोष्ट आतल्या वर्तुळात बसत नाही. मी हे वाचलं तेव्हा मला वाटलं, आता आमचा भाऊ सुटला. रस्ता एक, दिवस एक, जीप एक. तालुक्यातलं दुसरं काही थांबलं नव्हतं, शेजारच्या गावचा आठवडी बाजारसुद्धा भरला होता. दुसरा मुद्दा, केसपेपर तपास अधिकाऱ्यांकडे असूनही तो जिल्हादंडाधिकाऱ्यांपुढे ठेवलाच नाही, म्हणजे त्यांचं समाधान अपुऱ्या कागदांवर झालं. तिसरा, राज्य सरकारनं अभिवेदनावर निर्णय घ्यायला उशीर केला आणि त्या उशिराचं कारण दिलं नाही.

सुनावणीच्या दिवशी पहिल्या मुद्द्यावर बरंच बोलणं झालं. सरकारी वकील म्हणाले, राज्यमार्ग बंद पडला, रुग्णवाहिका अडली असती, भीती पसरली. न्यायमूर्तींनी ऐकून घेतलं. मग त्यांनी तिसऱ्या मुद्द्यावर शासनाचं प्रतिज्ञापत्र वाचायला घेतलं आणि तारखा विचारायला लागले. अभिवेदन कारागृहातून कधी निघालं? विभागात आवक कधी? जिल्ह्याकडून परिच्छेदनिहाय अभिप्राय कधी मागवले, कधी आले? आले त्या दिवसापासून निर्णयापर्यंत फाइल कुणाच्या टेबलावर होती? सुट्ट्या वजा जाता मधला मोठा तुकडा रिकामा होता. त्यावर प्रतिज्ञापत्रात 'योग्य विचारांती निर्णय घेण्यात आला' एवढंच. मॅडमनी तामिळनाडूच्या राजम्मल यांच्या प्रकरणाचा निकाल पुढे ठेवला. तिथे मंत्री दौऱ्यावर असल्यानं पाच दिवस फाइल पडून राहिली, आणि सर्वोच्च न्यायालयानं १९९८ मध्ये तेवढ्यावर स्थानबद्धता रद्द केली होती. माणूस आत असताना फाइल पडून राहणं घटनेला मान्य नाही, हा त्याचा अर्थ.

आदेश रद्द झाला. 'अन्य गुन्ह्यात आवश्यक नसल्यास तत्काळ मुक्त करावे.' आणि त्याच्या आधीचं वाक्य: ह्या मुद्द्यावर याचिका मंजूर होत असल्यानं इतर मुद्द्यांत जाण्याची गरज नाही.

मी न्यायालयाच्या पायऱ्यांवर आईला फोन केला आणि दोघी रडलो. माणूस सुटला, ह्याहून मोठं काही नसतं. न्यायालयानं आमच्यासाठी ते केलं, ह्याची मला जन्मभर जाणीव राहील. पण त्या रात्री झोपताना मला दुसरं वाक्य छळत राहिलं. राज्य म्हणालं होतं की हा माणूस देशाच्या सुरक्षेच्या कायद्यानं कोंडून ठेवण्याइतका धोकादायक आहे. न्यायालय म्हणालं, तुमची फाइल वेळेत हलली नाही. तो धोकादायक नाही, असं अजून कुणीही म्हणालं नव्हतं. फाइल वेळेत हलली असती तर पहिले दोन मुद्दे टिकले असते की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. आणि उद्या एखादा खरोखरच घातकी माणूस असाच टेबलावरच्या उशिरानं सुटला, तर त्यानं तरी कुणाची सुरक्षा झाली?

गावात मिरवणूक काढायचं पोरांच्या मनात होतं, भावानं नको म्हटलं. तो भीत होता आणि भीती रास्त होती. नवी कारणं दाखवून नवा आदेश काढता येतो. सोसायटीच्या निवडणुकीत विरोधी पॅनेलनं 'रासुकावाला' म्हणून प्रचार केला. त्याच्या मुलीला शाळेत विचारलं गेलं, तुझे बाबा दहशतवादी होते का. गेलेल्या महिन्यांची भरपाई मागावी का, असं मी मॅडमना विचारलं. त्यांनी कलम १६ दाखवलं: सद्भावनेनं केलेल्या कृतीबद्दल सरकारवर किंवा अधिकाऱ्यावर दावा चालत नाही.

आता अशा घरांतून मला फोन येतात. मी कायद्याची जाणकार नाही, पण पहिल्या आठवड्यात काय करायचं ते सांगते. कागद मिळाले की प्रत्येक पान मोजा, वाचता येत नसेल ते लगेच लिहून मागा, अभिवेदन सगळ्या ठिकाणी द्या, पोच आणि जावक क्रमांक सोडू नका, मंडळापुढे स्नेही आणि साक्षीदार न्यायची परवानगी आधीच लेखी मागा. आणि प्रत्येकाला हेही सांगते की चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती वाचा. आणीबाणीचा अनुभव घेऊन संसदेनं ती १९७८ मध्ये केली. मंडळाच्या मताशिवाय कोंडून ठेवण्याची मुदत तीनावरून दोन महिन्यांवर आणायची, मंडळाचा अध्यक्ष सेवेतलाच न्यायाधीश हवा, मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीनं बनायला हवं, असं त्यात ठरलं होतं. ते कलम अमलात आणायची अधिसूचना आजवर एकाही केंद्र सरकारनं काढली नाही. ह्यात सगळे पक्ष आले. रॉय यांच्या प्रकरणात न्यायालयाला ती काढायला भाग पाडा अशी विनंती झाली होती, न्यायालयानं ते सरकारवर सोडलं. मी आमच्या खासदारांना ह्याबद्दल पत्र लिहिलं आहे. तुम्हीही लिहा.

दंगलीचा मूळ खटला सत्र न्यायालयात चालू आहे. गेल्या तारखेला डॉक्टर बचावाचे साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभे राहिले. केसपेपरला पुरावा म्हणून निशाणी पडली. सरकारी वकिलांनी त्यांची कसून उलटतपासणी घेतली: वेळ नंतर लिहिली नाही कशावरून, शाई एकच आहे का, नोंदवहीत ही भेट आहे का, गोठ्यापासून रास्ता रोकोची जागा किती लांब, आरोपीशी तुमचे घरोब्याचे संबंध आहेत का. डॉक्टरांनी एकेकाचं उत्तर दिलं, आणि प्रत्येक उत्तर लिहून घेतलं गेलं. भाऊ आरोपीच्या जागी उभा राहून सगळं ऐकत होता. पुढची तारीख अंतिम युक्तिवादाची आहे.